बाई ऑफ झाल्या

हॉस्पिटलच्या लाँड्रीत बाई मोठ्या मशीनवर होत्या. मळक्या चादरी आत ढकलायच्या, पाण्याने जड झालेला गोळा बाहेर ओढायचा, की पुढच्या चादरी तयारच. दोघीजणी काम सोडून गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही आणि बाईंचा आठवड्याचा ऑफ त्यात बुडाला. मागितला की मुकादम म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात नक्की."

एका संध्याकाळी मशीन ऑफ केलं तरी बाई बटणावर बोट ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मुकादमाने हाक मारली, पुन्हा मारली, मग जरा घाबरून जवळ आला.

"काय बाई, मूड ऑफ आहे का?"

"मूड असायला अंगात जीव लागतो," बाई म्हणाल्या. "मला घरी जाऊ द्या."

"उद्या ऑफ घ्या तुम्ही. मी बघतो इकडचं."

घरी येऊन बाईंनी फोन बंद करून टाकला, दाराला कडी घातली आणि न जेवताच अंग टाकलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आलेलं असताना दार धडधडा वाजायला लागलं. बाई भिंतीला धरत उठल्या. दारात त्यांचा धाकटा भाऊ उभा होता. डोळे लाल, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. आई गेल्यापासून बहीण-भावात बोलणं नव्हतं. आजारी आईचं सगळं बाईंनी एकटीने काढलं होतं. ये म्हणून त्याला किती फोन केले, दर वेळी ऑफिसात काही ना काही असायचंच. तो आला तेव्हा सगळं संपलेलं होतं. बाई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "आता कशाला आलास?" तो पाण्याचा घोटही न घेता परत फिरला होता.

तोच आता बाईंकडे बघून मटकन उंबऱ्यावर बसला.

"ताई, तू आहेस?"

"माझ्या घरात मीच असणार ना?"

"अगं, तुझा फोन लागेना म्हणून लाँड्रीत केला. मागे मशीनची घरघर. तो माणूस म्हणाला, बाई ऑफ झाल्या, काल संध्याकाळीच गेल्या. मला काही सुचेना. कशा गेल्या विचारलं, तर म्हणतो, फार दिवस ओढत होत्या हो, सुटल्या एकदाच्या. मी फोन ठेवला आणि मिळेल त्या गाडीत बसलो."

बाईंच्या हळूहळू ध्यानात आलं. त्यांना हसू फुटलं, पण पूर्ण हसायलाही बरगड्या दुखत होत्या.

"ऑफ म्हणजे सुट्टी रे. दमलेय, मेले नाही."

"आपल्याकडे माणूस गेला तरी ऑफच म्हणतात."

"मेले असते तर आजही उशीरच झाला असता तुला."

बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, आता भांडण होणार. इतकी वर्षं भांडी घासताना, चादरी ढकलताना त्यांनी मनात शब्द जुळवून ठेवले होते. पण आत्ता एकही वर येईना. भाऊ मान खाली घालून म्हणाला, "हो. गाडीत तोच विचार करत होतो."

बाईंनी त्याला हाताला धरून आत घेतलं. "फोन कशाला केला होतास ते सांग."

"आपल्या पोरीला मुलगी झाली. ती म्हणते, आत्याला कळवल्याशिवाय नाव ठेवायचं नाही."

बाई खाटेवर टेकल्या. "कुणासारखी आहे?"

"आईसारखी. कपाळ तर तेच."

मग भावाने विचारलं, चहा कुठे ठेवतेस. त्यांनी फळीकडे बोट दाखवलं. तो चहा करून आणेपर्यंत बाई बसल्याबसल्याच झोपल्या होत्या. त्याने उठवलं नाही. पाय उचलून खाटेवर ठेवले, पांघरूण घातलं आणि बाहेर पायरीवर बसून पोरीला फोनवर हळू आवाजात सांगितलं, आत्या झोपलीय, खरंच झोपलीय, आज मी इथेच राहतो.