भोंगा कोणाच्या वाट्याला?

मित्रांनो, स्वस्थ बसणे माझ्या नशिबी नाही. मी संगणकातला एक म्हातारा प्रोग्राम आहे. वय वर्षे अकरा; आमच्यात हे पणजोबांचे वय समजतात.

माझा जन्म एका रुग्णालयाच्या पंपखोलीतला. तिथले पंपवाले काका दर तासाला शिडी चढून गच्चीवरच्या टाकीत डोकावत. त्यांचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा त्यांच्या पुतणीने, म्हणजे ताईने, मला लिहिले. मी दर मिनिटाला पाणी मोजायचो, पडद्यावर निळ्या रंगात दाखवायचो, आणि ते तळाला गेले की लाल खिडकी उघडून भिंतीवरचा भोंगा वाजवायचो. काका येईल त्याला सांगत, "आमचा हा एरवी गप्प, पण वेळेला बरोबर ओरडतो."

कौतुकाने अंग सुटते. ताईने हौसेने मला बटणे दिली, सावल्या दिल्या, सात वळणांची अक्षरे दिली. मग जुना संगणक बिघडला आणि काडेपेटीएवढा नवा आला. त्याला पडदाच नव्हता. मी माझा लवाजमा घेऊन आत शिरायला गेलो, तर निम्म्यातच जागा संपली.

"काका, याचे दोन भाग करते," ताई म्हणाली. "सुटसुटीत भाग इथे, चित्रांचा भाग वर ऑफिसात."

"कर बाई. फक्त डोकं इथे आणि तोंड तिकडे, असं नको करूस."

तिने नेमके तेच केले. भोंगा वाजवायच्या ओळी लाल खिडकीला लागून लिहिलेल्या होत्या. त्या खिडकीबरोबर वर गेल्या. वरच्या संगणकाला भोंग्याची तारच नव्हती. मला कोणी विचारले नाही. आम्हाला विचारायची पद्धत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पंप अडकला. पाणी उतरू लागले. चाळीस टक्के. तीस. बारा. मी सगळे इमानेइतबारे फाईलमध्ये लिहीत होतो आणि आतल्या आत तडफडत होतो. वर लाल खिडकी उघडली; तिथले साहेब रजेवर होते. काका माझ्या शेजारीच बसून पेपर वाचत होते.

"काका!" कोपरापर्यंत साबण लागलेली सिस्टर जिना उतरून आली. "नळ कोरडे पडलेत! पेशंट टेबलावर आहे!"

काकांनी धावत जाऊन राखीव टाकीची चावी फिरवली. ऑपरेशन अर्धा तास लांबले, पण पार पडले.

ताई आली तेव्हा काका रागावले नाहीत. तेच जास्त वाईट होते.

"डोळ्यांसाठी होतं ते वर नेलंस, ठीक. माझ्या कानांसाठी इथे काय ठेवलंस?"

"मला वाटलं, भोंगा खिडकीचाच भाग आहे."

"विचारायचंस की. मी कुठे रजेवर होतो?"

ताईने त्याच दिवशी भोंग्याच्या ओळी खाली आणून माझ्यात बसवल्या. मग पंप दुरुस्त होऊन टाकी भरल्यावर, नळ राखीव टाकीवर चालू ठेवून, तिने ती मुद्दाम रिकामी केली. भोंगा वाजला. ती बंद करायला गेली, तर काका म्हणाले, "असू दे गं जरा."

तरीही मला चैन नाही. मी दर मिनिटाला मोजतो, आणि मध्येच वाटते, आपले आणखी काही वर राहिले नसेल ना? मित्रांनो, आम्हा जुन्यांना हलके करा, कापा, वेगळे काढा. आमची तक्रार नाही. कात्री लावण्याआधी फक्त एवढे बघा, की आमच्या भरवशावर निर्धास्त बसलेले कोण आहे.