भिंतीतला शंख

आमच्या शॅम्पेनच्या गावांत तळघर खणलं की शंख निघतात, चांगले हातभर लांब. कधीकाळी इथे समुद्र होता म्हणे. पण अख्खा शंख मिळायला नशीब लागतं. माझं नशीब बघा! तो सापडला नेमका माझ्या आणि अन्सेल्मच्या तळघरांमधल्या भिंतीत. तोंड माझ्या बाजूला, टोक त्याच्या.

अन्सेल्म माझा धाकटा भाऊ. द्राक्षवेलींच्या एका ओळीवरून नऊ वर्षं अबोला होता. यंदा द्राक्षमळेवाल्यांच्या संत व्हिन्सेंटच्या सणाला सगळं गाव माझ्याकडे जेवायला येणार होतं, आणि टेबलाच्या मधोमध मला तो शंख हवा होता. अख्खा. तुटके तर इथे शेंबड्या पोरांकडेही असतात.

बारा ते दोन आमच्याकडे आग लागली तरी कोणी जेवणावरून उठत नाही. अन्सेल्म तर नाहीच नाही. म्हणून बाराला हंडा चुलीवर ठेवायचा, खाली जाऊन चमच्याने भिंतीची वाळू कोरायची आणि दोननंतर गिळायचं, असं मी ठरवलं.

नवव्या दिवशी भिंत धसकन कोसळली. पलीकडे अन्सेल्म! त्याच्याही हातात चमचा!

"चोरा!"

"आणि तू कोण गं, साध्वी?"

तेवढ्यात शंख घसरला. मी तोंड धरलं, त्याने टोक. एकाने सोडला की तुकडेच. दोघांनी बोंब ठोकली, पण येतंय कोण? गाव जेवत होतं.

"हलू नकोस, मेल्या!"

"तूच थरथरतेयस, ताई."

"नऊ वर्षांनी ताई आठवली होय रे?"

वरून कोबी आणि डुकराच्या मांसाचा वास आला. दोघांचीही पोटं गुरगुरली.

"जेवण सोडून तू इथे कसा?" मी विचारलं.

"कुठलं जेवण? जर्मेन गेल्यापासून चूल पेटलीय कुठे? बाराला टेबलाशी एकट्याला बसवत नाही, म्हणून इथे येतो."

जर्मेन म्हणजे माझी भावजय. तिच्या अंत्यविधीला मी मागच्या बाकावर बसले होते आणि त्याच्याशी न बोलता निघून आले होते.

"शंख तसाच धरून चल वर," मी म्हटलं. "पायरी सांभाळ. आणि वाढलेलं सगळं संपवायचं."

सणाला शंख टेबलावर होता, अख्खा. "माझ्या तळघरात सापडला," मी गावाला सांगितलं. अन्सेल्मला ठसका लागला.

"टोक माझं आहे!"

"मग ने की. उद्या बाराला ये न्यायला."

तेव्हापासून रोज बाराला येतो, पोटभर जेवतो आणि टोक न्यायचं विसरतो.