लाल खुर्चीनं ऐकलेलं वाक्य

मी एक खुर्ची बोलतेय, आणि माझं कुणी खरं मानत नाही. खुर्चीवर बसायचं असतं म्हणे, तिचं ऐकायचं नसतं. नका ऐकू. मी सांगणारच.

सुतारानं मला घडवलं, लाल मखमल चढवली आणि मी थेट टीव्हीच्या घरात गेले. अनोळखी माणसं तिथं कोंडायची, भांडायला लावायची आणि जगाला दाखवायची. तेव्हा हा प्रकार नवा होता. माझी खोली वेगळी. आत यायचं, दार लावायचं आणि माझ्यावर बसून कॅमेऱ्याला मनातलं सांगायचं.

बाकी सगळे धडधडीत खोटं बोलले. एकटा सोन्या खरं बोलला. सोन्या हे त्याच्या आईनं ठेवलेलं लाडाचं नाव.

"मी गे आहे. मला पुरुष आवडतात," त्यानं सांगून टाकलं. टीव्हीवर तोवर असं कुणी बोललं नव्हतं. मग आईचा विषय निघाला. ती लोकांकडे धुणीभांडी करायची.

"लोकांना वाटतं, मला माझ्या आईची लाज वाटते," तो म्हणाला. "अहो, मी असा आहे हे तिलाच आधी सांगितलं. ती म्हणाली, बरं, हात धू, जेवायला बस."

कार्यक्रम जोडणाऱ्या कात्रीवाल्यानं पुढचं-मागचं उडवलं. घराघरांत ऐकू गेलं ते एवढंच, "मला माझ्या आईची लाज वाटते."

लोक त्याच्यासोबत हसत फोटो काढायचे आणि पाठ वळली की थुंकायचे. पुढं सेटचं सामान विकायला निघालं, तेव्हा त्यानं मला घरी आणलं. "खरं ऐकलेली तू एकटीच," म्हणाला.

घर म्हणजे दोन खोल्या आणि त्याचा जोडीदार, एक शिंपी. माझी मखमल फाटली की तोच ठिगळ लावायचा.

दर रविवारी सोन्या माझ्यावर बसून आईला फोन लावायचा. उचलायचा थोरला भाऊ, दादा. त्याचा आवाज फोनबाहेर फुटायचा, "आई बोलत नाही म्हणते. तोंड दाखवू नकोस तिला."

"अरे, एकदा जाऊन तरी ये," शिंपी म्हणायचा.

"आणि तिनं दार लावून घेतलं तर? फोनवर निदान आशा तरी राहते."

गल्ली म्हणायची, असली कसली आई! शिंपी कात्रीवाल्याला शिव्या घालायचा. सोन्या माझे धागे उपटत बसायचा. त्याचं हृदय अधू होतं. एका रविवारी फोन ठेवला आणि माझ्यावर बसल्या बसल्याच गेला.

त्यानंतर माझ्यावर कुणी बसलं नाही. बसली ती त्याची आई. बातमी ऐकून एकटीच जिना चढून आली होती.

"तू त्याचा कोण रे?"

"मी त्याचाच, आई."

तिनं मान हलवली. "वेळेवर जेवायचा का?"

शिंप्याला रडू फुटलं. त्यानं सोन्याचं अख्खं वाक्य तिला सांगितलं. तिनं माझ्या ठिगळावरून हात फिरवला. मग म्हणाली, "हात धू म्हणाले होते खरी. मग एक फोन नाही करायचा आईला?"

"दर रविवारी करायचा! तुम्हीच बोलत नव्हता."

"मी? मला कुणी फोनला हात लावू दिला? मला तर सांगितलं, त्यानं आपलं नाव टाकलंय, फोनसुद्धा करत नाही."

"कुणी सांगितलं?"

म्हातारीची नखं माझ्या मखमलीत रुतली.

"दादानं."