साक्षगंधाची मासोळी

नत्थुजी भोयाने दोन्ही मासोळ्या पाण्याने भरलेल्या परातीत सोडल्या आणि परात वच्छलाच्या पुढ्यात सरकवली.

"पाहा, बाई. दोनीबी शिकारी हायेत. मालकाले तशीच पायजे ना?"

मालकाला तशीच हवी होती. खुशालराव गेल्या महिन्यात अमरावतीला कापूस विकायला गेला, तेव्हा एका साहेबाच्या बंगल्यात त्याने काचेच्या पेटीतली मासोळी पाहिली. साहेबाने किडा टाकला, तिने झप्पदिशी गिळला आणि खुशालराव खुळावला. तिकडे अमेरिकेत गोरे आपसांत लढत होते आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. पैसा हातात आला की माणसाला काय सुचेल याचा नेम नाही. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. खुशालरावाने पितळी कडांची काचेची पेटी घेतली आणि त्याच फेरीत येता येता अकोल्याला दुसरी बायकोही ठरवून आला.

पेटी त्या नवरीसाठी होती. उद्या अकोल्याला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आणि आठ दिवसांनी लग्न. वच्छलाला या घरात येऊन बारा वर्षं झाली, मूल झालं नाही. पहिलीने आपल्या हाताने नवरीची ओटी भरली की लोकांची तोंडं बंद होतात, म्हणून तिलाही अकोल्याला जायचं होतं. वर मासोळी निवडायचं कामही तिच्याच गळ्यात आलं.

"तुह्यं माहेर पूर्णेच्या काठचं," खुशालराव म्हणाला होता. "तुले त्यातलं समजते."

मीठ आण म्हणावं इतक्या सहज तो हे बोलला. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर तिला त्याचा राग तरी नीट करता आला असता.

परातीतली एक मासोळी चिखलाच्या रंगाची, बोटभर लांब, काडीसारखी पडून होती.

"हे मरळीचं पिलू," नत्थुजी म्हणाला. "दिसाले काईच नायी, पन लय चिवट. वर येऊन हवा घेते. घागरभर पान्यातबी जगन. मोठं झालं की नदीत सोडून द्याचं."

"अन हा?"

दुसरा मासा चांदीसारखा लखलखत होता. कुशीवर निळे पट्टे होते.

"हा झोऱ्या. बारक्या मासोळीवर असा तुटून पडते का पाहत राहावं. पन हा वाहत्या धारेचा मासा, बाई. उभ्या पान्यात तीन दिस. लयच झालं तं चार."

वच्छलाने मनाशी दिवस मोजले. साक्षगंधाची भेटवस्तू लग्नाआधीच नवरीच्या घरात मेली, तर जुनीजाणती माणसं कानाला हात लावतील. अपशकुन म्हणतील. सोयरीक मोडेल. भांडायला नको, नवऱ्याच्या पाया पडायला नको. तिने जन्मात कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण महिनाभर तिच्या गळ्याखाली धड घास उतरला नव्हता.

"हा झोऱ्या द्या," ती म्हणाली.

नत्थुजीने मान वर केली.

"बाई, म्या काय सांगतलं..."

"ऐकलं म्या. हाच द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी निघाली. खुशालराव पुढे बसला होता, मागे पाणी बदलायला नत्थुजी, आणि मधे वच्छला मांडीवर पेटी धरून. दुसऱ्या कोणाच्या हातून ती फुटली असती. चाक दगडावरून गेलं की पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडे. झोऱ्या काचेला तोंड लावून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात धावत होता. खुशालराव वळून वळून त्याच्याकडे बघत होता आणि खूश होत होता.

अकोल्याला नवरीच्या काकाच्या घरी पुरुषमंडळी ओसरीवर बसली. वच्छला पेटी घेऊन माजघरात गेली. काकू पार्बताबाईने नवरीला पुढे केलं.

महिनाभर वच्छला मनातल्या मनात या बाईशी भांडत आली होती. तिने तिला उंच, भरलेली, ठसक्यात बोलणारी रंगवलं होतं आणि एकेका बोलाला उत्तर तयार ठेवलं होतं. समोर अकरा वर्षांची पोर उभी होती. लुगडं पायात येत होतं म्हणून तिने ते दोन्ही हातांनी वर धरलं होतं. तिचं नाव जमुना. वच्छलाची सगळी उत्तरं वाया गेली.

जमुना थेट पेटीपाशी उकिडवी बसली.

"हे माह्यं?"

"हो. तुह्यं."

"जित्तं हाय!" तिने काचेकडे बोट नेलं.

"हात लावू नोको!" पार्बताबाई ओरडली आणि पाहुण्यांसाठी पाणी काढायला आत गेली.

जमुनाने हात पाठीमागे नेले.

"म्या नायी लावत. माह्या हातानं मरते."

"कोन म्हन्ते असं?"

"काकू. म्या जन्मली तं माय मेली, मंग बाबा मेले. दोन जागा आल्या, त्या मोडल्या. माहे पायच पांढरे हायेत. हेबी मोडलं तं काकू घरात ठेवनार नायी." ती एकदम थांबली. "तुमी कोनाले सांगू नोका. सांगाचं नव्हतं."

पोरीने हे सगळं घरात चूल कुठे आहे ते सांगावं तसं सांगितलं. वांझ हा शब्द बारा वर्षं वच्छलाने कामाच्या धबडग्यात, पंगतीत, हळदीकुंकवात ऐकला होता. लोकांना तो उच्चारावाही लागत नसे. तीन दिवसांनी हा मासा उलटा तरंगेल, तेव्हा दोष कोणाच्या माथी जाईल? तिने सगळा विचार केला होता, एवढाच केला नव्हता. तिला स्वतःची शिसारी आली.

ती उठली आणि ओसरीच्या दाराशी आली.

"नत्थुजी, हा झोऱ्या मोर्णा नदीत सोडा. अन कोनाकडून तरी मरळीचं पिलू आना."

खुशालराव चिडून दाराशी आला.

"काहून? चांगला तं हाय!"

"तीन दिसांत मरन तो."

"मंग आनला काहून?"

वच्छलाने महिन्यानंतर पहिल्यांदा नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"तो मरन, हे मले माईत होतं, म्हनून आनला."

खुशालरावाने वळून ओसरीकडे पाहिलं. मागे माणसं बसलेली होती. तो फेट्याचा शेव चाचपत परत जाऊन बसला. नत्थुजी तोवर उठलाही होता.

दुपारपर्यंत पेटीत मरळीचं पिलू आलं. आधीचा चांदीचा मासा गेला म्हणून जमुना हिरमुसली नाही. पिलू वर आलं, हवेचा घोट घेऊन खाली गेलं आणि ती टाळ्या पिटू लागली.

"हे जगन ना?"

"जगन. त्याले काई होत नायी."

मग वच्छलाने ओटी भरली. खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ घातले. बायका टक लावून बघत होत्या. जमुनाची मान खाली होती, पण नजर तिरकी, पेटीकडे.

"लग्नानंतर हे मले संगं आनता येईन?" तिने हळूच विचारलं.

"येईन."

"तुमच्या घरी कुठं ठेवान?"

"माह्या खोलीत. तिथं सकाळचा उजेड चांगला येते. तूबी तिथंच राहशीन."

"अन तुमी?"

काही तांदूळ खाली सांडले होते. वच्छला वाकली, एकेक दाणा वेचून तिने तो पोरीच्या पदरात टाकला.

"पदर दोनी हातांनी धर," ती म्हणाली. "ओटी सांडू देऊ नये."