न मोजलेला कान

त्या सकाळी वजनतपासणीच्या खोलीत दोन तराजू होते, लाकडी पेटीत एकवीस वजनं, एक चिमटा, तीन खुर्च्या आणि चार माणसं. चौघांपैकी दोघांच्या माना तराजूंवर वाकलेल्या होत्या. उरलेल्या दोघांत एक दशांशताई आणि दुसरे, तिच्यावर हात उचलणारे साहेब.

दशांशताई हे नाव काकांनी ठेवलेलं. काका खोलीतले सर्वांत जुने, निवृत्तीला दीड वर्ष उरलेले. "आमची ताई चहात साखरसुद्धा दोन दशांश स्थळांपर्यंत घालते," असं ते येईल त्याला सांगत.

साहेबांना बारा वजनांचा एक संच त्याच दिवशी पास करून हवा होता. त्यातली तीन वजनं हलकी भरत होती. ताई म्हणाली, सही करणार नाही. साहेबांनी आधी नुसता हात उगारला. ती जागची हलली नाही, तसा तो हात तिच्या डाव्या कानावर बसला आणि तिचा दंड टेबलाच्या कडेवर आदळला. साहेब निघून गेले. कागद तिथेच राहिला, बिनसहीचा.

आता काय करायचं ते ताईला पक्कं ठाऊक होतं. मोजायचं. दंडावरचा वळ तिने व्हर्निअर कॅलिपरने मोजला: लांबी सहा पूर्णांक दोन सेंटिमीटर, रुंदी तीन पूर्णांक आठ, रंग जांभळा. पण एका नोंदीवर भरवसा कसला? त्या खोलीत तीन नोंदी जुळल्याशिवाय कुठलाच आकडा खरा मानत नसत. चोवीस तासांच्या अंतराने तिने आणखी दोन घेतल्या. कानात सारखी शिटी वाजत होती. शिटी मोजायला तिच्याकडे काही नव्हतं, म्हणून ती वहीत आली नाही, आणि वहीवरून लिहिलेल्या तक्रारीतही नाही.

तिसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीला घेऊन ती पोलिसांकडे गेली. तक्रार वाचून पोलीस म्हणाला, "बाई, एवढं बारीक तर आमचे डॉक्टरही लिहीत नाहीत."

डॉक्टरांनी खरोखरच थोडक्यात आटपलं. किरकोळ दुखापत. रंग पिवळसर. नेमकी कधीची, सांगता येत नाही.

"मी सांगते ना! तारीख-वेळेसकट लिहिलंय," ताई म्हणाली.

"तुम्ही लिहिलंय. मला दिसायला हवं."

मग बहिणीने ओळखीतल्या एक वकीलबाई गाठल्या. त्या तक्रारीची प्रत वाचता वाचता बोलत होत्या. "मारायला हात उगारून भीती घालणं हा एक गुन्हा, हात लागणं हा दुसरा. तुमच्या बाबतीत दोन्ही झालेत."

"म्हणजे शिक्षा दुप्पट?" बहिणीने विचारलं.

"दुप्पट कसली! दुखापत किरकोळ ठरली की पोलीस आपणहून तपास करत नाहीत. आपणच कोर्टात जायचं, आपणच साक्षीदार उभे करायचे. भरपाईचा दावा वेगळा लावता येईल, पण साक्षीदार तिथेही लागणार. कंपनीत तक्रार केलीत तर ऐकणार कोण?"

"साहेबच," ताई म्हणाली.

"मग साक्षीदार बघा."

दुसऱ्या दिवशी ताई काकांजवळ जाऊन बसली. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"पोरी, आवाज ऐकला मी. पण पाहिलं नाही. काटा स्थिर होत होता. तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

काका खोटं बोलत नव्हते. काटा स्थिर होईपर्यंत मान वर करायची नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा, हा खोलीचा नियम. त्याची सूचना ताईनेच टाइप करून भिंतीवर चिकटवली होती. पलीकडच्या तराजूवरच्या माणसानेही तेच सांगितलं, फक्त काटा त्याच्या तराजूचा होता. उठताना तिला बारा वजनांच्या संचाचा कागद दिसला. संच पास झाला होता. सही काकांची होती.

"दीड वर्ष राहिलंय गं माझं," काका तराजूकडे बघत म्हणाले.

बहिणीसोबत वकीलबाईंकडे दुसऱ्यांदा गेल्यावर ताई सगळं सांगत होती. मध्येच त्यांनी विचारलं, "तुम्ही सारखी मान का फिरवताय?"

"डावीकडून नीट ऐकू येत नाही."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"त्या दिवसापासून."

"अहो, मग हे आधी बोलायचं! ऐकू येणं कायमचं गेलं असेल तर ती गंभीर दुखापत. तिथे पोलिसांना तपास टाळता येत नाही." त्यांनी ताईची वही ओढून घेतली, तिन्ही नोंदी पाहिल्या, मग तक्रार पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्यांचा आवाज उतरला. "यात कान कुठेय?"

"मोजला नव्हता. न मोजलेलं कसं लिहिणार?"

"साखर मोजतेस, वळ मोजतेस," बहीण उसळली, "आणि कान राहिला होय?"

"त्यांचा वकील हीच वही कोर्टात वाचून दाखवेल," वकीलबाई म्हणाल्या. "म्हणेल, मिलिमीटर लिहिणारी बाई तीन दिवस कान विसरली? हे कानाचं नंतर कुठेतरी झालं असेल. त्यावर मी काय बोलू, सांगा."

 ताईने वही परत घेतली आणि कोपरे सरळ करून पिशवीत ठेवली.

"तरी तपासून घ्या," वकीलबाई दारापर्यंत आल्या. "केससाठी नाही. तुमच्यासाठी."

कानतपासणीची तारीख सहा आठवड्यांनी मिळाली. कपाटाएवढ्या बंद खोलीत ताईला बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. ताईने डोळे मिटले. उजव्या कानाला ती भराभर बटण दाबत गेली. डावा कान सुरू झाला तेव्हा तिचा अंगठा बटणावर बराच वेळ नुसता टेकलेला राहिला. काचेपलीकडची मुलगी एकेक पायरी आवाज वाढवत होती.

"पुन्हा एकदा घ्याल?" बाहेर आल्यावर ताईने विचारलं. "तीनदा घेतलं की बरं."

मुलीने आणखी दोनदा घेतलं. तिन्ही वेळा आकडे तेच आले. उजव्या कानाला ऐकू आलं दहा डेसिबलवर. डाव्याला, पंचावन्नवर.