उजेडात पाहिलेले डोळे

मोखाड्याच्या डोंगरातल्या आमच्या लहानशा दवाखान्याच्या ओट्यावर आश्विनातलं कोवळं ऊन तिरपं उतरायचं, तेव्हा डॉक्टरबाई रोग्याची हनुवटी धरून त्याचं तोंड हळूच पूर्वेकडे वळवायच्या, अंगठ्याने वरची पापणी उचलायच्या आणि म्हणायच्या, "खाली बघ." आत दिव्याखाली त्या डोळे कधीच पाहत नसत, बल्बच्या पिवळ्या उजेडात कावीळ लपते, असं त्यांचं म्हणणं. शाईचा डाग पडलेला तो अंगठा आणि श्वास रोखून पाहण्याची ती रीत अजून माझ्या नजरेसमोर आहे.

क्षयाच्या गोळ्यांनी कुणाचं यकृत दुखावतं आणि का, याचा शोध घ्यायला त्या मुंबईहून यायच्या, दर खेपेला पंधरा-वीस दिवस राहायच्या. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी तिथली नर्स, जामसरच्या मास्तरांची मुलगी, तोंडाची फटकळ. परतताना रक्ताच्या नळ्यांचा बर्फाळ थर्मास बाई एसटीत तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन बसायच्या, आणि मी त्यांना त्यावरून चिडवायची.

रोग्यांना काय सांगायचं ते त्यांनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं. गोळ्यांनी लघवी केशरी होईल, घाबरू नका. पण जेवण नकोसं झालं, उलट्या झाल्या, तर गोळ्या थांबवा आणि त्याच दिवशी इकडे या. मी मात्र जास्तीचं शहाणपण केलं. केशरी लघवी पाहून पाड्यांवरची माणसं कावीळ समजून भगताकडे जायची नि गोळ्या सोडायची. त्यात उलट्यांचं नाव काढलं तर उरलेलीही पळतील, म्हणून पुढचं अर्धं मी गाळत गेले. माझा एकही रोगी गोळ्या सोडत नव्हता, आणि त्याचा मला केवढा तोरा!

सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावरची काशी भिंतीला धरत धरत ओट्यावर आली, तेव्हा उतारांवर खुरासणी पिवळीधमक फुलली होती. बाईंनी तिची पापणी उचलली आणि अंगठा तिथेच थबकला. डोळ्यातलं पांढरं हळद कालवल्यासारखं झालं होतं. आठ दिवस पोटात अन्न टिकत नव्हतं, तरी तिने एक गोळी चुकवली नव्हती. मग सांगितलं का नाहीस, असं मी रागानेच विचारलं.

"तूच त सांगलं ना बाय, भिव नको," ती म्हणाली.

मी बाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी गोळ्या बंद केल्या, काशीला ठेवून घेतलं, आणि सुरू झाले ते दिवस: औषध द्यावं तर यकृत जाणार, न द्यावं तर क्षय छाती पोखरणार. रोज सकाळी बाई तिची खाट ओट्यावर आणवायच्या, पापणी उचलायच्या, नकारार्थी मान हलवून आत जायच्या. गुंगीतल्या काशीचा हात धरून मी मनातल्या मनात नवस बोलत होते. बाईंनी एकदा खडसावून तरी टाकावं, असं वाटायचं.

बाराव्या सकाळी त्या नेहमीपेक्षा बराच वेळ वाकून राहिल्या. मग मला जवळ ओढून म्हणाल्या, "तुम्ही बघा."

पिवळेपणा ओसरत होता. पुढे एकेक गोळी, मध्ये रक्त तपासत, पुन्हा सुरू झाली. काशीने भात मागितला त्या दिवशी मी औषधांच्या खोलीत जाऊन पोटभर रडले.

बाईंच्या वहीत 'उशीर का झाला' असा एक रकाना होता. तिथे आपलं नाव येणार, याची मनाची तयारी करून मी चोरून ते पान उघडलं. त्यांच्या तिरप्या अक्षरात एकच ओळ होती: आमच्याकडून अर्धंच सांगितलं गेलं.

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. काशी बाजारात भेटली की आपणहून उन्हाकडे तोंड करते, खाली बघते, आणि माझा अंगठा तिच्या पापणीवर जातो. गेलेल्या माणसाचा चेहरा काळ पुसट करत नेतो. पण 'आमच्याकडून' म्हणत त्याने माझ्या चुकीचं जे अर्धं ओझं उचललं, ते ज्याच्याकडून परत मागून घ्यावं, तो माणूसच उरलेला नसतो.