तीन बोटं

आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायला आलो त्याच साली ऑफिसात कॉम्प्युटर आले, आणि ह्यांना त्यावर बसवलं. मी नेकनूरची, सातवी शिकलेली. त्या यंत्रातलं मला काय कळणार? पण जेवताना हे सांगायचे आणि मी ऐकत राहायची, कारण दिवसभर साडेतीन वर्षांच्या शिवानीशिवाय माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं.

"परवलीचा शब्द द्यायच्या आधी तीन बटणं एकदम दाबावी लागत्यात," एकदा हे म्हणाले.

"कावून? शब्द असताना बटणं कशाला?"

"अगं, पडद्यावर शब्द विचारणारी पाटी कुणीबी हुबेहूब बनवील, आन् आपण फसून तिलाच शब्द देऊन बसू. ती तीन बटणं मात्र थेट खऱ्या मशिनलाच ऐकू जात्यात. नकलीचं सोंग तिथंच उघडं पडतं."

ते माझ्या मनात जाऊन बसलं. त्या उन्हाळ्यात पोरं पळवणारी टोळी फिरतेय अशी आवई उठली होती. शेजारच्या दगडाबाई म्हणायच्या, "आईचा आवाज काढत्यात माय, हुबेहूब! आन् तू लई शहाणी, पोरीला एकलीला ठिवून टाकीवर जाती!"

पण पाणी दुसरं कोण आणणार? म्हणून हाताला येईल अशी खालची कडी शिवानीला आतून लावायला शिकवली. मी आले की दाराखालच्या फटीतून तीन बोटं आत घालायची, तिनं ती तिन्ही एकदम दाबायची, आणि दाबल्यावरच मी 'चिंगळे' म्हणायचं. मगच कडी निघायची. नुसत्या आवाजाला, तो कितीही गोड असो, दार उघडायचं नाही. चिंगळे हे तिचं लाडाचं नाव मी ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी टाकीवर लांब रांग होती. भर उन्हात हंडा घेऊन आले, खाली वाकून बोटं आत घातली. इवल्या हातानं तिन्ही एकदम दाबली.

"चिंगळे," मी म्हणाले.

कडी निघाली नाही.

"चिंगळे, उघड की गं. आई आली."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. शेजारचा असेल, असं मी मनाला समजावलं. तेवढ्यात शिवानी बोलली, पण माझ्याशी नव्हे.

"आई, ही बी चिंगळेच म्हणती गं."

थापणं थांबलं. बांगड्या वाजत दारापर्यंत आल्या. मग दाराची वरची कडी लागली. तिथवर शिवानीचा हात पुरत नाही.